शेक्सपिअरच्या काळात आपण कुठे होतो?

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या मुलामुलींना घेऊन मी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. माझा विषय इतिहास. मुलांना इंग्रजीच्या तासाला त्याच आठवड्यात शेक्सपिअर शिकवला जात होता, म्हणून मुलांच्या ओळखीचे एखादे नाव घेऊन सुरुवात करावी असे वाटले. पोर्तुगीज ज्याला मात्रिझ म्हणत, त्या सेंट जोसेफच्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभा राहून मी सांगत होतो, ‘‘या चर्चची पुनर्बांधणी १६०१ साली झाली, असे इथला शिलालेख सांगतो. साधारण त्याच सुमारास लंडनमध्ये शेक्सपिअर ‘हॅम्लेट’ लिहीत होता.’’ मुलांनी माना डोलावल्या. एका मुलीने मात्र विचारले, ‘‘सर, त्या वेळी आपण कुठे होतो?’’

मी विचारले, ‘‘आपण म्हणजे कोण? वसईकर, की मुसलमान?’’

ती म्हणाली, ‘‘दोन्ही.’’

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर जाणवले, की आपल्याला उत्तर येत नाही. पोर्तुगिजांच्या आगमनाची आणि चिमाजी अप्पांच्या विजयाची सनावळी मला पाठ होती. शेक्सपिअरची चार नाटके मी वाचली होती. पण या दोन गोष्टी एकाच काळाच्या आहेत, एकाच समुद्राला लागून आहेत, हे कधी मनात आले नव्हते. त्या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तकांकडे नेले. त्या वाचनात जे हाती लागले, ते वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेख.

आधी शेक्सपिअरचे चरित्र पाहू. त्याच्या हयातीबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? फार थोडे. २६ एप्रिल १५६४ रोजी स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. १५८२ च्या नोव्हेंबरातील विवाहाचा परवाना आहे. मुलगी सुझाना हिच्या बाप्तिस्म्याची नोंद मे १५८३ ची, तर हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांची फेब्रुवारी १५८५ ची. मग १५९२ पर्यंत काही नाही. सात वर्षांचा हा काळ अभ्यासक ‘हरवलेली वर्षे’ म्हणून ओळखतात. पुढे घर घेतल्याचे कागद, कर थकल्याच्या नोंदी, कोर्टातील एक साक्ष आणि मार्च १६१६ चे मृत्युपत्र. खात्रीच्या म्हणाव्यात अशा सह्या सहाच. नाटकांची हस्तलिखिते म्हणावीत, तर नाहीतच. १६२३ साली हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या दोन नटमित्रांनी ३६ नाटके एकत्र छापली नसती, तर त्यांतील निम्मी नाटके कदाचित कायमची गेली असती.

हे सगळे कागद मूळ स्वरूपात पाहायचे असतील, तर सॅम्युअल शोनबॉम यांचा १९७५ चा ग्रंथ पाहावा. त्याचे नावच शेक्सपिअरचे ‘कागदोपत्री चरित्र’ अशा अर्थाचे आहे. कल्पनेचे पतंग न उडवता प्रत्येक कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शोनबॉम दाखवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेक्सपिअरसाठी नव्हे, तर शिस्त शिकण्यासाठी तरी हा ग्रंथ चाळावा. याच्या उलट टोकाला स्टीफन ग्रीनब्लॅट यांचे २००४ चे ‘विल इन द वर्ल्ड’ आहे. ते वाचताना माणूस हरखून जातो. पण पानापानावर ‘असे झाले असावे’, ‘त्याने हे पाहिले असेल’ अशी वाक्ये भेटतात. पुस्तक चांगले आहे, फक्त हातात पेन्सिल घेऊन वाचावे आणि प्रत्येक ‘असावे’खाली रेघ मारावी. अगदी नवख्या वाचकाने मात्र बिल ब्रायसन यांच्या २००७ च्या छोट्या चरित्रापासून सुरुवात करावी. ठाऊक असलेले किती आणि रचलेले किती, याचा हिशेब ते हसतखेळत मांडतात.

याच वर्षी आलेले चार्ल्स निकल यांचे ‘द लॉजर’ मला विशेष भावले. १६१२ साली एका घरगुती भांडणाच्या खटल्यात शेक्सपिअरने साक्ष दिली होती. फ्रान्समधून धर्मछळामुळे लंडनला आलेल्या माउंटजॉय नावाच्या कुटुंबाकडे तो भाड्याने राहत असे. सासऱ्याने कबूल केलेला हुंडा दिला नाही, म्हणून जावयाने खटला भरला होता. ही साक्ष तीनशे वर्षे सरकारी दप्तरात पडून होती. चार्ल्स वॉलेस आणि त्यांची पत्नी हल्डा या अमेरिकन जोडप्याने लंडनच्या दप्तरखान्यात वर्षानुवर्षे कागद चाळले, तेव्हा १९०९ मध्ये ती सापडली. या एका कागदावरून निकल यांनी अख्खी गल्ली, ते घर आणि त्यातली परकी माणसे उभी केली आहेत. ‘लिअर’ आणि ‘ऑथेल्लो’ लिहिणारा माणूस परागंदा झालेल्या कुटुंबाच्या माडीवर राहत होता, हे कळल्यावर ती नाटके जरा वेगळी वाचली जातात.

मराठीतही सोय आहे. तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘शेक्सपिअरच्या शोधात’ आहे, आणि त्यांचे धाकटे बंधू प्रा. के. रं. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरचे जीवन आणि साहित्य यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. ज्यांच्या लेखणीतून १९७० साली ‘नटसम्राट’ आले, त्यांनी शेक्सपिअर कसा वाचला हे मराठी वाचकाने पाहायलाच हवे.

आता चरित्राकडून काळाकडे येऊ. जेम्स शॅपिरो यांचे २००५ चे ‘१५९९’ हे पुस्तक शेक्सपिअरच्या आयुष्यातले फक्त एक वर्ष घेते. त्या वर्षी ग्लोब नाटकगृह उभे राहिले, ‘ज्युलिअस सीझर’ रंगमंचावर आले आणि ‘हॅम्लेट’ची जुळवाजुळव सुरू झाली. त्याच वर्षी लंडनचे व्यापारी पूर्वेकडच्या व्यापारासाठी कंपनी काढण्याच्या खटपटीला लागले. ३१ डिसेंबर १६०० रोजी त्यांना राणीची सनद मिळाली. ही तारीख वसईकराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरोबर २०२ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने त्याच कंपनीशी जो तह केला, तो वसईचा तह! शेक्सपिअरच्या डोळ्यांसमोर लंडनमध्ये जे रोप लावले गेले, त्याचे फळ असे आपल्या दारात येऊन पडले.

पण आपण फार पुढे आलो. शेक्सपिअरच्या काळातली वसई कशी होती? सोपारा आणि वसईचा हा किनारा अरबांना फार जुन्या काळापासून परिचित. दहाव्या शतकात मसूदी या किनाऱ्याबद्दल लिहितो, तेव्हा ठाणे आणि सोपारा ही नावे त्याच्या लेखनात येतात. चेऊल बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच असतो, असेही तो सांगतो. कोकणी मुसलमानांची मुळे शोधताना हा मजकूर नेहमी आठवावा. शेक्सपिअर जन्मला, त्याच्या सहा शतके आधीची ही गोष्ट आहे. ‘आपण कुठे होतो’ या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा इथेच मिळतो : आपण इथेच होतो.

पुढे हा मुलूख गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५३३ साली पोर्तुगिजांनी वसईवर हल्ला केला. एकीकडे हुमायून आणि दुसरीकडे पोर्तुगीज, अशा कात्रीत सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख, त्यात मुंबईची बेटेही आली, पोर्तुगिजांना दिला. म्हणजे शेक्सपिअर जन्मला तेव्हा वसईवर पोर्तुगीज अंमल येऊन तीस वर्षे झाली होती. १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेले. त्यामुळे शेक्सपिअर नाटके लिहीत होता त्यांतली बरीच वर्षे वसईचा राजा आणि इंग्लंडचा सर्वांत मोठा शत्रू हे दोघे एकच होते. १५८८ साली ज्याचे आरमार इंग्लंडवर चालून गेले, त्याच्याच नावाने वसईच्या किल्ल्यात कारभार चाले.

या वसईजवळून चार इंग्रज गेले, तेही कैदी म्हणून. १५८३ च्या फेब्रुवारीत ‘टायगर’ नावाच्या जहाजातून राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे लंडनहून निघाले. न्यूबेरीजवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते. सीरियाच्या किनाऱ्यावर उतरून हलब म्हणजे अलेप्पो, तिथून बसरा आणि मग होर्मुझ असा त्यांचा प्रवास झाला. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडले आणि जहाजात घालून गोव्याकडे पाठवले. ५ नोव्हेंबरला जहाज दीवला होते, १० नोव्हेंबरला चेऊलला. या पाच दिवसांत ते दमण, वसई, ठाणे असे आले. फिचने नंतर लिहिलेल्या वृत्तांतात वसईचे नाव आहे. इथे धान्य आणि तांदूळ यांपलीकडे फारसा व्यापार नाही, एवढेच तो म्हणतो. कैद्याला जहाजावरून यापेक्षा जास्त काय दिसणार?

फिच आठ वर्षांनी, १५९१ मध्ये, लंडनला परतला. रिचर्ड हॅक्लुट या विद्वानाने १५९८ ते १६०० या काळात इंग्रजांच्या सागरी प्रवासांचा जो प्रचंड संग्रह तीन खंडांत छापला, त्यात फिचचा वृत्तांत आहे. शेक्सपिअरच्या लंडनमध्ये हा संग्रह गाजत होता. १६०६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मॅकबेथ’मध्ये पहिली चेटकीण एका खलाशाच्या बायकोची गोष्ट सांगते. तिचा नवरा ‘टायगर’ जहाजाचा कप्तान, आणि तो अलेप्पोला गेलेला आहे. हा उल्लेख फिचच्या प्रवासावरून सुचला, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘टायगर’ नावाची आणखीही जहाजे होती, तेव्हा पैज लावू नये. पण वसईचे नाव छापलेला एक इंग्रजी ग्रंथ शेक्सपिअरच्या शहरात विकला जात होता, याबद्दल शंका नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांत आपला किनारा आणखी एके ठिकाणी येतो. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणी आणि परीराजा यांचे भांडण एका हिंदुस्तानी मुलावरून जुंपते. राणी सांगते, या मुलाची आई माझी मैत्रीण. आम्ही दोघी समुद्राच्या वाळूत बसून व्यापारी गलबतांची फुगलेली शिडे पाहत असू. बाळंतपणात ती गेली, म्हणून मी तिचे मूल सांभाळते. हे वाचताना मला पाचूबंदरची वाळू आठवते. अर्थात शेक्सपिअरच्या मनात वसई होती असे मी म्हणत नाही. मला खटकते ते दुसरेच. सगळे भांडण ज्याच्यावरून आहे, त्या मुलाला नाटकात एकही वाक्य नाही. त्याला नावही नाही.

पूर्वेकडची, विशेषतः मुसलमान माणसे शेक्सपिअरच्या जगात कशी येत होती, हे समजून घ्यायला दोन अभ्यासकांची पुस्तके अवश्य वाचावीत. नबील मतार यांचे १९९९ चे ‘टर्क्स, मूर्स अँड इंग्लिशमेन इन द एज ऑफ डिस्कव्हरी’ आणि जेरी ब्रॉटन यांचे २०१६ चे ‘धिस ओरिएंट आइल’. आपल्याला शाळेत शिकवले जाते, की इंग्रज आणि मुसलमान यांची गाठ पडली ती एकतर सलीबी युद्धांत किंवा सुरतेच्या वखारीत. ही पुस्तके सांगतात, की एलिझाबेथच्या इंग्लंडने स्पेनविरुद्ध मदत मिळावी म्हणून उस्मानी सुलतान मुराद तिसरा आणि मोरोक्कोचा अहमद अल्-मन्सूर यांच्याशी दोस्ती केली. पत्रे गेली, नजराणे गेले. ऑगस्ट १६०० मध्ये अल्-मन्सूरचा वकील अब्दुल वाहिद बिन मसूद आपला ताफा घेऊन इंग्लंडला आला आणि सहा महिने राहिला. त्याचे त्या वेळी काढलेले तैलचित्र आजही इंग्लंडमध्ये आहे : पांढरा फेटा, काळा झगा, कमरेला तलवार, आणि रोखून पाहणारी नजर. त्याच वर्षी हसन अल्-वज्जान ऊर्फ लिओ आफ्रिकानस या ग्रॅनडात जन्मलेल्या मुसाफिराच्या आफ्रिकावर्णनाचा इंग्रजी तर्जुमा लंडनला छापून आला. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १६०४ रोजी, राजवाड्यात ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला.

ऑथेल्लो हा मूर. व्हेनिसचा सेनापती. धर्म बदललेला, गोऱ्या मुलीशी लग्न केलेला. लोकांना त्याची तलवार हवी, पण जावई म्हणून तो नको. आपल्याकडे या नाटकाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, शेक्सपिअर मुसलमानांचा द्वेष करी. दोन, शेक्सपिअरने मूराला नायक केले म्हणून तो आपला कैवारी. दोन्ही मते घाईची आहेत. त्याच्या नाटकांत ‘तुर्क’ हा शब्द बहुतेक वेळा शिवीसारखा येतो, हे खरे आहे. पण ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला मोरोक्कोचा राजपुत्र आपल्या रंगाची लाज न बाळगता बोलतो, हेही खरे आहे. शेक्सपिअरने मुसलमान पाहिले असतील ते दुरून. दुरून पाहणाऱ्याला जितके दिसते तितके त्याने लिहिले, आणि प्रतिभेच्या बळावर कधी कधी त्याहून जास्त लिहिले. आपण ते स्वीकारावे आणि त्याची मर्यादाही ओळखावी.

मराठीत आलेले शेक्सपिअरचे पहिले नाटक ‘ऑथेल्लो’च मानले जाते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचे भाषांतर केले. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून ‘झुंजारराव’ केले आणि ते रंगभूमीवर अफाट गाजले. मूळ नावातला ‘व्हेनिसचा मूर’ मात्र या नावात उरला नाही. देवलांना दोष द्यायचा नाही. रूपांतर करणारा आपल्या प्रेक्षकाला ओळखीचे नाव देणारच. मुंबईच्या उर्दू रंगभूमीवर मेहदी हसन ‘अहसन’ यांनी ‘हॅम्लेट’चे ‘खून-ए-नाहक’ केले, आगा हश्र यांनी ‘लिअर’चे ‘सफेद खून’ केले, तेव्हाही हेच झाले. प्रश्न एवढाच, की ज्या महाराष्ट्रात ‘झुंजारराव’ झाला, त्याच महाराष्ट्राच्या मातीत एक खराखुरा हबशी सेनापती होऊन गेला होता, आणि तोही नेमका शेक्सपिअरच्या काळात.

तो म्हणजे मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास, हबसाणात. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले आणि चांदबीबी मारली गेली. सगळे संपले असे वाटत असताना या माणसाने निजामशाही पुन्हा उभी केली आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत अकबराच्या आणि जहांगीरच्या फौजांना दाद दिली नाही. लंडनमध्ये एक गोरा नट तोंडाला काळा रंग फासून ऑथेल्लो उभा करत होता, त्या वर्षी मलिक अंबर दख्खनमध्ये राज्य सावरत होता. ऑथेल्लो व्हेनिसमध्ये एकटा होता. अंबरच्या भोवती हबशी होते, दख्खनी होते, शहाजीराजांसारखे मराठा सरदार होते. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. तिथली नहर-ए-अंबरी आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत त्याच्यामागे राहिली. खुलताबादला त्याची कबर आहे. रिचर्ड ईटन यांच्या २००५ च्या दख्खनविषयक ग्रंथात आठ माणसांच्या आयुष्यांतून साडेचारशे वर्षांचा सामाजिक इतिहास सांगितला आहे. त्यातील एक प्रकरण मलिक अंबरवर आहे. ‘ऑथेल्लो’ शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे प्रकरण शेजारी ठेवावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

भाषेचीही अशीच एक जोडी आहे. गोव्याच्या कैदेतून फिच आणि न्यूबेरी जामिनावर सुटले, त्यात एका इंग्रज पाद्र्याचा मोठा हात होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. शेक्सपिअरहून पंधराएक वर्षांनी मोठा. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. त्याने मराठी आत्मसात केली, आणि इतकी, की दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले. त्याच वर्षी, २३ एप्रिलला, स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअर मरण पावला. एकाच पिढीतले दोन इंग्रज : एकाने इंग्रजीला शिखरावर नेले, दुसऱ्याने आपल्या मराठीचे गुण गायले. वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी हा वारसा जपला. त्याच परंपरेतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक वसईने महाराष्ट्राला दिला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मग आपला वारसा? तोही आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे शेक्सपिअरचे समकालीन. त्यांचा जन्म १५६० च्या सुमाराचा मानतात. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत आहे, ओवीत आहे, आणि मुसलमान असूनही आपण मराठीत का लिहितो याची खंत त्यात नाही. त्याच वर्षांत विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा ‘किताब-ए-नौरस’ रचत होता आणि गोवळकोंड्याला मुहंमद कुली कुतुबशहा दख्खनीत कविता करत होता. शेक्सपिअरच्या काळात आपण फक्त तलवारीच घासत नव्हतो. आपण लिहीतही होतो, आणि आपापल्या मातीच्या भाषेत लिहीत होतो.

एवढे सगळे सापडले. पण त्या मुलीच्या प्रश्नातला ‘वसई’ हा शब्द अजून शिल्लक राहतो. विजापूरला सुलतान होता, श्रीगोंद्याला संत होता. १६०१ साली वसईत, सोपाऱ्यात जो सामान्य मुसलमान राहत होता, तो कोण होता? त्याचे नाव काय, धंदा काय, मुले किती? इथे मात्र कपाट रिकामे पडते. सिमांव बोतेल्यो याने १५५४ मध्ये केलेल्या पोर्तुगीज महसूल-नोंदीत वसईच्या उत्पन्नाचे आकडे आहेत. डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चेऊल आणि वसईवर लिहिलेला ग्रंथ आहे. १८८२ चे ठाणे गॅझेटिअर आहे. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर आहे. ही सगळी पुस्तके वाचण्यासारखी आहेत. पण त्यांत राज्ये आहेत, सारा आहे, लढाया आहेत. परीराणीच्या त्या हिंदुस्तानी मुलासारखा आपला माणूस तिथेही मुका आहे.

स्ट्रॅटफर्डचा शेक्सपिअर तरी कोण होता? हातमोजे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तो राजा नव्हता, सरदार नव्हता. त्याचे चरित्र लिहिता आले, कारण त्याच्या गावच्या चर्चने जन्म, लग्न आणि मरण यांच्या नोंदी ठेवल्या, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या फेकल्या नाहीत. त्याचा मुलगा हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन वारला आणि ११ ऑगस्ट १५९६ ला त्याला पुरले, हे आज जगाला ठाऊक आहे. कुणा साध्या लेखनिकाने लिहिलेली ती एक ओळ आहे.

आता एक कबुली देतो. आमच्या मोहल्ल्यात एक जुने कौलारू घर होते. त्याच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तीत जुने निकाहनामे होते, मोडीतले जमिनीचे कागद होते, फारसी आणि उर्दूत लिहिलेली पत्रे होती. घरातल्या दादीने मला ती एकदा दाखवलीही होती. ‘‘मास्तर, तुम्ही वाचून सांगा काय ते,’’ असे ती म्हणाली होती. मी दर सुट्टीत जाऊ म्हणत राहिलो. दादी वारली. घर पाडून इमारत उभी राहायची ठरली. मी पोचलो तेव्हा पेटी अंगणात होती. कागद आदल्या दिवशीच रद्दीत गेले होते. त्यांत चारशे वर्षांपूर्वीचे काही असेलच असे नाही, बहुधा नव्हतेच. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वसई त्यांत नक्की होती. ती गेली. यात घरच्यांचा दोष नाही. ज्याला त्यांची किंमत ठाऊक होती, तोच उशिरा पोचला.

म्हणून शेक्सपिअरवरची पुस्तके वाचताना मला सर्वांत जास्त शिकवले ते वॉलेस दांपत्याने. त्यांनी कागद चाळले. पण त्याआधी तीनशे वर्षे कुणीतरी ते सांभाळले होते. आपल्या जमातींकडे निकाहाच्या जुन्या वह्या आहेत. मशिदींच्या हिशेबाच्या चोपड्या आहेत. कब्रस्तानात अक्षरे झिजत चाललेले दगड आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. मोडी आणि फारसी वाचणारी माणसे अजून हयात आहेत. एका रविवारी चार मुले बसली, तर एक अख्खी वही टिपून होते. एवढे केले, तरी पुढच्या शतकातल्या शोनबॉमला वसईत काही सापडेल.

तर वाचकहो, ज्याला शेक्सपिअरचा काळ समजून घ्यायचा आहे, त्याने ब्रायसनपासून सुरुवात करावी, शॅपिरोकडे जावे, मग ब्रॉटन आणि मतार यांना घ्यावे, आणि लगेच ईटनचे मलिक अंबरवरचे प्रकरण आणि शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ उघडावा. हे दोन ढीग एकमेकांशेजारी ठेवले, तरच तो काळ पुरता दिसतो. आणि तिसरा ढीग घरच्या माळ्यावर आहे का, ते आजच पाहावे.

ती मुलगी आता शिकून नोकरीला लागली आहे. परवा रस्त्यात भेटली, तेव्हा मी म्हटले, ‘‘तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले.’’ ती हसून म्हणाली, ‘‘आणि बाकीचे अर्धे, सर?’’ मी तिला विचारले, ‘‘तुझ्या आजोळच्या घरात जुनी पेटी आहे का गं एखादी?’’